दवाखान्यासाठी उघडलेली बाग

माझे वडील आणि थोरले काका एकमेकांशी बोलत नसत. का बोलत नसत याचं एक कारण आमच्या घरात सांगितलं जाई आणि दुसरं काकांच्या घरात. मला दोन्ही खोटी वाटत. दोघांनाही दुसरा वर गेलेला बघवत नव्हता, एवढंच खरं होतं, आणि देवासला त्याची सोयही होती. गाव एक, पण राज्यं दोन. थोरल्या पातीचे महाराज वेगळे, धाकट्या पातीचे वेगळे. कचेऱ्या वेगळ्या, शिपायांचे पट्टे वेगळे. वडील थोरल्या पातीत कामदार, म्हणजे दरबारचे अधिकारी होते, काका धाकट्या पातीत. घरं मात्र भिंतीला भिंत लागून होती.

मागची बाग आजोबांच्या वेळी एकच होती. वाटण्या झाल्या तेव्हा तिच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत उठली. बावडी काकांकडे गेली. आमच्या वाट्याला फक्त तिच्या पाण्याचा हक्क आला. भिंतीच्या बुडाशी मोरीएवढं एक भोक ठेवलेलं होतं. त्यातून एक दिवसाआड पाटाचं पाणी आमच्या बागेत यायचं.

त्या भोकापाशी बसून मी आणि काकांची सून गप्पा मारत असू. ती हाटपिपल्याची. तिचं लग्न माझ्या चुलतभावाशी झालं त्याच वर्षी मी धारला दिली गेले, त्यामुळे आमची गाठ माहेरपणातच पडायची. पुरुषांच्या भांडणाचं आम्हां दोघींना काही नव्हतं. ती भिंतीपलीकडे भांडी घासायला बसायची, मी इकडे निवडण घेऊन बसायचे. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, पण आवाज स्वच्छ यायचा. मी तिला वहिनी म्हणायचे. ती मला वन्सं म्हणायची, आणि म्हणताना हसायची, कारण ती माझ्याहून एक वर्षानं लहान होती.

बाग लोकांना उघडायची ही कल्पना वडिलांनी धारहून आणली. मला सासरी पोचवायला ते आले होते. त्याच सुमारास धारच्या एका मोठ्या अंमलदारानं आपली बाग एक दिवस तिकीट लावून उघडली होती, अनाथ मुलांच्या मदतीसाठी. माझे सासरे वडिलांना घेऊन गेले. मुलांचं काय झालं ते मला माहीत नाही. वडिलांनी तिथं पाहिलं ते एवढंच की फाटकाशी तो अंमलदार उभा आहे, येणारा प्रत्येक जण त्याला मुजरा करतो आहे आणि साहेबाची मडम त्याच्या हाताला धरून गुलाब बघते आहे. घरी आल्यावर ते जेवताना दोनदा म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. परोपकारही होतो." माझे सासरे मान डोलावत राहिले. मी वाढत होते. वडिलांचा तो चेहरा मला ओळखीचा होता. काकांच्या मुलाला नोकरीत बढती मिळाल्याचं कळलं त्या दिवशीही तो तसाच झाला होता.

देवासला परत जाऊन त्यांनी वर अर्ज केला. दोन्ही राज्यांवर नेमलेल्या इंग्रज एजंटाच्या मडमेच्या डोक्यात बायकांच्या दवाखान्याचं होतंच. देवासला तेव्हा बायकांना सुइणीशिवाय कुणी नव्हतं. फार अडलं तर इंदूरला न्यायचं, आणि नेईपर्यंत बाई वाटेतच जायची. मडमेला वडिलांची सूचना आवडली. मात्र दोन्ही पातींना सारखं वागवायचं म्हणून तिनं ठरवलं की दोन्हींकडच्या बागा एकाच दिवशी उघडाव्यात आणि उत्तम बागेला चांदीचा पेला द्यावा. धाकट्या पातीतून काकांनी लगेच आपली बाग पुढे केली.

मला आईचा निरोप आला, माघात बाग उघडायची आहे, हाताखाली माणूस हवं, चार दिवस ये. सासूबाईंनी पाठवलं. मी देवासला उतरले तेव्हा आमच्या बागेत पखालीनं पाणी घालणं चाललं होतं. भिश्ती तळ्यावरून पखाली वाहून थकला होता.

"पाटाला काय झालं?" मी आईला विचारलं.

"बंद केलाय तुझ्या काकांनी. भोकात दगड बसवलेत. म्हणतात, बावडीचं पाणी आटलं."

"आटलंय का?"

"त्यांच्याकडे मोट दिवसभर चालते. आवाज ऐक."

मोटेच्या चाकाचा आवाज खरोखरच येत होता. वडिलांनी त्याचा सूड आधीच घेतला होता. काकांच्या आंब्याच्या ज्या फांद्या भिंतीवरून आमच्याकडे झुकल्या होत्या त्या सगळ्या त्यांनी छाटून टाकल्या होत्या. मोहोर आलेल्या. त्यांचा ढीग कोपऱ्यात वाळत पडला होता. त्याशिवाय काकांचा जुना माळी त्यांनी जास्त पगार कबूल करून फोडला होता. तो मला म्हणाला, "बाई साब, दोनी भियाहोन की लडाई में फूल मरी र्‍या हे." पण तोही पगार घेऊनच आला होता.

मी भोकापाशी गेले. दगड नीट बसवलेले नव्हते, फटी होत्या.

"वहिनी," मी हाक मारली.

थोड्या वेळानं ती आली. बसताना तिनं भिंतीला हात टेकल्याचं ऐकू आलं. तिला नववा लागला होता.

"माहेरी नाही गेलीस?" मी विचारलं.

"मामंजी म्हणाले, बागेचं होऊन जाऊ दे. पाहुणे येणार, घरात सून हवी." मग हळूच म्हणाली, "मला वाटतं वन्सं, ते मूल काही बागेसाठी थांबणार नाही."

तिला हसू येत होतं. पहिलटकरीण होती, आणि तिला भीती कशाची वाटायला हवी हेच ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं होतं?

तिच्या कळा बागेच्या आदल्या दिवशी दुपारी सुरू झाल्या. हे आम्हांला सुईण काकांच्या दारात शिरताना दिसली तेव्हा कळलं. आईनं देवापाशी दिवा लावला. वडील गुलाबांच्या आळ्यांना गेरूचे पट्टे मारून घेत होते. आईनं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं." आणि गड्याला म्हणाले, "इकडचा पट्टा वाकडा झालाय, पुन्हा मार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण अजून आतच होती.

बागा दुपारी उघडल्या. फाटकाला केळीचे खांब, आंब्याची तोरणं, आणि काकांच्या फाटकापेक्षा आमचं तोरण रुंद असावं म्हणून ते दोनदा बदललेलं. थोरल्या पातीचा बँड आमच्या अंगणात, धाकट्या पातीचा काकांच्या, आणि दोघे एकाच वेळी वेगवेगळं वाजवत होते. वडिलांनी विलायती फुलांची नावं पाट्यांवर लिहून घेतली होती. ती त्यांना स्वतःला उच्चारता येत नव्हती. कुणी विचारलं की ते पाटीकडे बोट दाखवत. लोक आले ते सगळे कपडे करून आले. कामदार, वकील, मास्तर, सरदारांकडची मंडळी, दोन सावकार. माळ्यांच्या, कोष्ट्यांच्या बायका फाटकाबाहेर उभ्या राहून बँड ऐकत होत्या. दवाखाना व्हायचा होता तो त्यांच्यासाठी, असं तिकिटावर छापलं होतं. तिकिटाला पैसे त्यांच्यापाशी नव्हते.

बायकांसाठी भिंतीकडच्या बाजूला कनात लावून आडोसा केला होता. तिथं मडम खुर्चीवर बसली होती आणि तिच्या शेजारी इंदूरची डॉक्टरीणबाई. ती आपल्यातलीच, नगरकडची, पण ख्रिस्ती झालेल्या घरातली. पांढरं लुगडं, पायात बूट, बोलायला मोजकी. नव्या दवाखान्याची जागा बघण्यासाठी मडमेनं तिला मुद्दाम बोलावून आणलं होतं. मी केशरी दुधाचे पेले फिरवत होते. आमच्याकडच्या काही बायकांनी डॉक्टरीणबाईंनी हात लावलेल्या तबकातला पेला घेतला नाही. तिनं ते पाहिलं आणि आपला पेला शांतपणे संपवला.

कनातीच्या मागेच भिंत होती आणि भिंतीपलीकडे, बावडीच्या वरच्या बाजूला, काकांच्या घराची बाळंतिणीची खोली. बँड थांबला की ओरडणं ऐकू यायचं. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मग कुणीतरी लुगड्याच्या काठाविषयी काहीतरी बोलायची.

मी कनातीच्या कडेनं भिंतीशी गेले तेव्हा भोकातून काकूचा आवाज आला. काकू माझ्याशी पूर्वी मायेनं बोलायची, पण वाटण्या झाल्यापासून काकांच्या धाकानं तिनं आमच्या घरातल्या कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती.

"कोण आहे तिकडं? धारची का?"

"हो, काकू."

"ऐक. मूल आडवं आहे. सुईण म्हणते तिच्या हातात आता काही नाही. ती डॉक्टरीण तुमच्याकडं बसलीय ना? तिला पाठव."

मागून सुइणीचाही आवाज आला, रडवेला. "बाई साब, छोरो आडो हे. म्हारा हात की बात नी री."

"काकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणतात, ख्रिस्ताणीची सावली घरात नको. आणि तुझ्या बापाच्या दारात मागायला जाणार नाही. तू वडिलांना सांग. त्यांनी पाठवली तर हे पाहुण्यांसमोर नाही म्हणणार नाहीत."

मी पेले तिथंच ठेवले आणि फाटकाशी गेले. वडील दरबारच्या कुणाशी बोलत होते. मी बाजूला उभी राहिले, मग बाजूला उभं राहण्यात वेळ जातोय असं वाटून त्यांच्या उपरण्याला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदाच मी चारचौघांत असं केलं.

"दादा, काकांच्या सुनेचं अडलंय. डॉक्टरीणबाईंना तिकडं पाठवायला हवं. आत्ता."

त्यांनी मला दोन पावलं बाजूला घेतलं. रागावलेले नव्हते. ते रागावलेले असते तर मी पुढं त्यांना क्षमा केली असती. ते शांतपणे म्हणाले, "त्यानं मला विचारलंय का?"

"काकू म्हणाल्या."

"तुझ्या काकूचं बोलणं मी ऐकलेलं नाही. त्यानं यावं. ह्या फाटकातून यावं आणि मला म्हणावं, तुझ्या पाहुण्याला माझ्याकडं पाठव. मी एका शब्दानं अडवणार नाही."

"दादा, ती मरेल."

"मडम बसलीय तिथं. परीक्षण व्हायचंय. अर्ध्यात पाहुणे उठवू? त्यानं पाणी तोडलं तेव्हा माझी फुलं मेली की नाही?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी फुलांचं नाव घेतलं होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग ते पाहुण्यांकडे परत गेले आणि कसलीशी पाटी दाखवू लागले.

मी डॉक्टरीणबाईंकडे जायला वळले, तेवढ्यात फाटकाशी गडबड झाली. काकू आली होती. आपल्या पुढच्या दारानं बाहेर पडून, रस्त्यावरच्या लोकांमधून, डोक्यावर पदर होता पण अंगावर शाल नाही, हात कोपरापर्यंत ओले. तिला रस्त्यावर पायी चालताना देवासनं कधी पाहिलं नव्हतं. तिकिटं बघणाऱ्या शिपायानं तिला ओळखलं नाही.

"बाई, टिकट?"

"दवाखान्यासाठी आहे ना रे हे?" काकू म्हणाली. "मग सोड."

तो मागे सरला. वडील पुढे आले. "वहिनी, तुम्ही इथं?" ती त्यांच्याकडे न बघता त्यांच्या बाजूनं गेली. पुरुष मंडळी वाट देत गेली. मी तिला कनातीत नेलं. ती डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही.

"मूल आडवं आहे," ती म्हणाली. "काल दुपारपासून. पाणी पहाटेच गेलं."

डॉक्टरीणबाई तत्काळ उठल्या. "पिशवी गाडीत आहे. पाणी उकळायला ठेवा, स्वच्छ पंचे काढा." मग त्या मडमेशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलल्या. मडमही उठली. त्या काय बोलल्या ते मला तेव्हा कळलं नाही, पण काकांच्या दाराशी पोचल्यावर कळलं.

काका आपल्या दारात उभे होते. कुणीतरी त्यांना आधीच जाऊन सांगितलं असावं. त्यांच्या बागेतलेही लोक बाहेर आले होते.

"ही बाई माझ्या घरात येणार नाही," ते काकूला म्हणाले.

"बाळंतिणीची खोली आधीच विटाळाची," काकू म्हणाली. "तिथं कुणाच्या पायानं काय बाटायचं राहिलंय?"

"मी सांगतोय ते ऐक."

"ऐकलं. जन्मभर ऐकलं."

काका दारातून हलले नाहीत. तेवढ्यात मडम पुढे आली आणि काही न बोलता सरळ उंबऱ्याकडे चालू लागली. काकांचे हात आपोआप जोडले गेले. ते कमरेत वाकले आणि बाजूला झाले. तिच्या मागून डॉक्टरीणबाई आत गेल्या, त्यांच्या मागून काकू, आणि काकूच्या मागून मी. सुनेच्या जिवासाठी जे दार उघडलं नाही ते साहेबाच्या बायकोसाठी उघडलं. माझा चुलतभाऊ, त्या मुलाचा बाप, ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खोलीत मी फार वेळ नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मडमेला आणि मला बाहेर पाठवलं. काकूला ठेवून घेतलं. मी उकळतं पाणी आणून दाराशी देत राहिले. दोन्ही बँड वाजतच होते. कुणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं.

मूल मेलेलंच निघालं. मुलगा होता. वहिनी जिवंत होती, पण डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून भरवसा नाही. आतून फाटलंय. मी रात्री इथं राहते, सकाळी गाडीतून इंदूरला न्यावं लागेल." त्यांनी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "आपण म्हणाल तसं," आणि त्यांनी डोक्यावरची पगडी सारखी केली, कारण बाहेर बक्षीस द्यायची वेळ झाली होती.

बक्षीस काकांना मिळालं. मडमेनं रस्त्यातच, दोन्ही फाटकांच्या मधे, भाषण केलं आणि एका मास्तरांनी ते मराठीत सांगितलं. तिनं म्हटलं की आज याच घरात घडलेल्या दुःखद प्रसंगानं सर्वांच्या लक्षात आलं असेल की ह्या गावाला बायकांच्या दवाखान्याची किती गरज आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूल आत बाळोत्यात गुंडाळलेलं होतं, अजून घराबाहेरसुद्धा नेलेलं नव्हतं, आणि त्याच्या नावानं बाहेर टाळ्या पडत होत्या. तिनं मदत केली होती हे मी नाकारत नाही. पण तिचा तो आवाज मला अजून आठवतो आणि अजून राग येतो. काकांनी पुढे होऊन पेला घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

वडील घरी आल्यावर आईला म्हणाले, "त्या गोंधळानं आपलं बक्षीस गेलं. मडमेला काहीतरी द्यायलाच हवं होतं त्यांना."

आई चुलीपाशी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. "पानं घेतलीत," ती म्हणाली. "जेवून घ्या." त्या रात्री ती जेवली नाही, मीही नाही. ते जेवले.

सकाळी वहिनीला बाजेसकट गाडीत ठेवलं. काकू तिच्याबरोबर बसली. काकांनी तिला एकदा हाक मारली, "तू कुठं निघालीस?" ती म्हणाली, "सुनेबरोबर." गाडी हलली. केळीचे खांब अजून फाटकाला तसेच होते.

मी पुढच्याच आठवड्यात सासरी परतले. इंदूर वाटेवरच, म्हणून मला न्यायला आलेल्या मिस्टरांना सांगून तिथं एक दिवस राहिले. वहिनी दवाखान्याच्या लांब खोलीत खिडकीशी होती. इतकी वाळली होती की आधी मी दुसऱ्याच खाटेशी थांबले. काकू बाहेर चुलीवर पेज करत होती.

"मला सगळं ऐकू येत होतं, वन्सं," ती म्हणाली. आवाज पूर्वीचाच होता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "बँड वाजत होता ते. लोक आमच्या खिडकीखाली गुलाब बघत होते ते. एक बाई म्हणाली, इथं एवढं ओरडतंय कोण? आणि मामंजी तिला म्हणाले, मोर आहेत बागेत. मोर ओरडताहेत."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मग मी ओरडायचं बंद केलं," ती म्हणाली. "लाज वाटली म्हणून. सुईण म्हणाली, ओरड ग, ओरड. पण मला मोरासारखं ओरडायची लाज वाटली."

तिला पुढं मूल होणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी काकूला सांगितलं होतं. काकूनं ते तिला सांगितलं नव्हतं, पण ती ओळखून होती. म्हणाली, "आता हे दुसरी आणतील." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, उद्या पेज मिळेल असं सांगावं तसं सांगत होती.

आणि तसंच झालं. दोघी काही महिन्यांनी देवासला परतल्या तेव्हा काकांनी वहिनीला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, ख्रिस्ताणीच्या हातचं पाणी प्यायली म्हणून. प्रायश्चित्त घ्या म्हणाले. काकू म्हणाली, "मी घेत नाही, तिलाही घेऊ देत नाही." मागच्या पडवीत तिनं दुसरी चूल मांडली. सासू-सून तिथं रांधून खात. पुढल्या वर्षी चुलतभावाचं दुसरं लग्न झालं. काकू त्या मांडवात आली नाही. नव्या सुनेशी मात्र ती कधी वाईट वागली नाही. ती मुलगी तिच्या बाळंतपणाला दवाखान्यात जाईल, एवढं काकूनं आपल्या मुलाला तोंडावर सांगून ठेवलं होतं.

दवाखानाही बांधला गेला. दोन पातींच्या हद्दीवर, दोघांना सोयीचा. दाराशी संगमरवरी पाटी बसवायची होती, देणगीदारांची, आणि त्यात आधी वडिलांचं नाव की काकांचं यावर दीड वर्ष पत्रव्यवहार चालला. तोवर पाटीची जागा उघडीच होती. त्या दाराजवळून जाताना काकू कधी वर बघत नसे. उद्घाटनाला तिला मानानं बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. वहिनी गेली. काकूला न विचारता गेली, आणि परत आल्यावर म्हणाली, "खाटा चांगल्या आहेत. उजेड चांगला आहे." तिनं पुढं तिथं जायला सुरुवात केली. आधी नुसती बसायची, मग बाळंतिणींचं पाणी-पेज बघायची. काकांनी बंदी घातली. ती जात राहिली. काकांना तिच्याशी बोलावं लागू नये म्हणून त्यांनी बंदी पुन्हा घातली नाही.

मला दिवस गेले तेव्हा वडिलांनी धारला बैलांची दमणी पाठवली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, तसा रिवाज. बरोबर गडी, गादी, आईनं दिलेले डिंकाचे लाडू. सासूबाईंनी माझी ट्रंक भरायला घेतली. मी त्यांना म्हटलं, "मी देवासला जाणार नाही."

त्यांना वाटलं, मला भीती वाटते. "पहिल्यांदा वाटतेच," त्या म्हणाल्या.

"भीती नाही. त्या घरात मला बाळंत व्हायचं नाही."

त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. त्यांना हकिकत ठाऊक होती, धारलाही सगळं पोचलं होतं. त्यांनी हातातल्या लुगड्याची घडी केली. मग म्हणाल्या, "आईला वाईट वाटेल."

"आईला मी सांगते. तिला कळेल."

दमणी रिकामी परत गेली. लाडू मी ठेवून घेतले, ते आईचे होते.

महिन्याभरानं वडील स्वतः आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, माझ्या सासऱ्यांशी पाऊसपाण्याचं बोलले. मग सासरे उठून आत गेले आणि आम्ही दोघंच राहिलो.

"लोक विचारतात," ते म्हणाले. "मुलगी का आली नाही म्हणून."

"काय सांगता?"

"काय सांगू?"

"काकांनी लोकांना काय सांगितलं होतं त्या दिवशी, ते सांगा. मोर आहेत म्हणावं."

त्यांना ते ठाऊक नव्हतं. मी त्यांना वहिनीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, तिच्या शब्दांत. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांच्या तोंडावर एक भाव आला, आणि मी तो ओळखला. काकांविरुद्ध वापरता येईल असं काहीतरी हाती लागलं होतं.

"असं म्हणाला तो?" ते म्हणाले. "लोकांसमोर?"

"दादा," मी म्हटलं, "मी फाटकाशी तुमच्याकडे आले होते. तुमच्या उपरण्याला हात लावून उभी होते. आणि तुम्ही मला फुलांचं सांगितलंत."

त्यांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. मग म्हणाले, "त्यानं विचारायला हवं होतं," आणि उठून पायात वहाणा घालू लागले. जेवायला थांबा असं मी म्हटलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, पण ते थांबले नाहीत.

माझी मुलगी इंदूरला झाली, त्याच डॉक्टरीणबाईंच्या हातून. काकू आणि वहिनी आल्या होत्या. आई येऊ शकली नाही, वडिलांनी तिला पाठवलं नाही. वहिनीनं मुलीला न्हाऊ घातलं आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मी तिला म्हटलं, "दे मला, थकशील." ती म्हणाली, "थांबा जरा, वन्सं," आणि तिनं दिली नाही. मीही पुन्हा मागितली नाही.